ट्रॉलीचा पाटा, कल्टिव्हेटरची स्प्रिंग ‘अचानक’ तुटते? खरं कारण कित्येक महिने आधीच तयार झालेलं असतं. वेळीच ओळखा ही लक्षणं

कोल्हापूर : गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल तालुक्यांतल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची ये-जा दिवसरात्र सुरू असते. अशात एखाद्या वळणावर किंवा खड्ड्यात ‘खाट्’ असा आवाज होतो, ट्रॉली एका अंगाला कलते आणि ड्रायव्हर उतरून बघतो तर पाटा तुटलेला. ‘रस्ताच खराब, काय करणार’ असं म्हणून विषय तिथंच संपतो. नवीन पाटा बसतो, ट्रॉली पुन्हा रस्त्याला लागते आणि काही दिवसांनी तोच पाटा पुन्हा तुटतो.

खड्डा हे शेवटचं निमित्त असतं. पाट्याला चीर आधीच गेलेली असते आणि ती हळूहळू वाढत असते. पाटा असो, कल्टिव्हेटरची स्प्रिंग असो की मोटारसायकलचं शॉकअप, या सगळ्यांचं आयुष्य काही ठरावीक गोष्टींवर अवलंबून असतं. त्यातल्या बहुतेक गोष्टी मालकाच्या आणि ड्रायव्हरच्या हातात आहेत. उंच भरलेली उसाची ट्रॉली कलली तर शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून हा विषय फक्त गॅरेजच्या बिलाचा राहत नाही.

स्प्रिंग नेमकं काय काम करते?

ट्रॉलीचे एकावर एक रचलेले पाटे हीसुद्धा स्प्रिंगच आहे. वेढ्यांची असो की पाट्यांची, स्प्रिंग एकच काम करते. धक्का बसला की वाकते, धक्का पोटात घेते आणि बोजा हलला की मूळ जागी येते. जितका बोजा तितका वाक, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये मांडला. दुप्पट वजन टाकलं की दुप्पट वाक येतो.

पण या नियमाला एक हद्द आहे. हद्दीच्या आत स्प्रिंग पूर्णपणे परत येते. हद्द ओलांडली की थोडा वाक कायमचा राहतो. यालाच गॅरेजवाले ‘पाटे बसले’ किंवा ‘स्प्रिंग बसली’ म्हणतात.

स्प्रिंग खराब होण्याचे प्रकार मुळात दोनच आहेत. एक बसणे, दुसरा तुटणे. बसणं डोळ्यांना दिसतं, ट्रॉली खाली आलेली किंवा एका बाजूला झुकलेली दिसते. तुटण्याची तयारी मात्र आतल्या आत चालते. म्हणून दुसरा प्रकार जास्त धोक्याचा.

एकाच धक्क्यात नाही, लाखो धक्क्यांनी तुटते

बाइंडिंगची तार हाताने ओढून तुटत नाही. पण तीच तार एका जागी मागे-पुढे वाकवत राहिलं की थोड्या वेळात तुटते. लोखंडाचा हा थकवा आहे. पाट्याचंही तसंच होतं, फक्त प्रत्येक वाक लहान असल्यामुळे वेळ जास्त लागतो.

साधा हिशोब करून बघा. शेत ते कारखाना अंतर २० किलोमीटर आणि दर १० मीटरला एक लहानमोठा हिसका धरला, तर भरलेल्या एका खेपेत पाटा २,००० वेळा वाकतो. रोज एक खेप आणि हंगाम १२० दिवसांचा धरला, तर आकडा २ लाख ४० हजारांवर जातो. रिकामी परतीची फेरी यात धरलेलीच नाही.

या थकव्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास आगगाडीमुळे सुरू झाला. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वेचा आस तुटून मोठा अपघात झाला आणि ५० हून अधिक माणसं गेली. पुढे ऑगस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने अनेक वर्षं आसांवर चाचण्या केल्या. एका वेळी सहज पेलणारा बोजाही लाखो वेळा आला तर पोलाद तोडू शकतो, हे त्यातून स्पष्ट झालं. बोजा किती आहे यासोबत तो किती वेळा येतो आणि पोलादाच्या पृष्ठभागाची अवस्था काय आहे, यावर आयुष्य ठरतं.

जादा भार : आयुष्य खाणारं पहिलं कारण

‘दोन टन जास्त भरलं तर काय होतं, पाटे मजबूत आहेत’ हे वाक्य हंगामात नेहमी ऐकू येतं. पाटा त्या दिवशी तुटत नाही, म्हणून ते खरंही वाटतं. पण थकव्याचा हिशोब सरळ नसतो. पाट्यावरचा ताण एक दशांशाने वाढला तरी त्याचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येऊ शकतं. ताण दीडपट झाला तर आयुष्य कित्येक पटींनी घटतं. चार हंगाम चालणारा पाटा एका हंगामात का गेला, याचं उत्तर इथं असतं.

यावर उपाय म्हणून अनेकजण एक-दोन पाटे वाढवून घेतात. त्याने पाट्यांवरचा ताण कमी होतो हे खरं. पण आस, टायर, जोडणीचा हूक आणि ट्रॅक्टरचे ब्रेक तेच राहतात. पाटा वाढवल्याने ट्रॉलीची क्षमता वाढत नाही, भार पाट्यावरून दुसऱ्या कमकुवत जागी जातो. शिवाय नवीन पाट्याचा वाक जुन्या पाट्यांशी जुळला नाही तर सगळा भार त्या एकट्यावर येतो आणि आधी तोच तुटतो.

जादा भाराचा कायदेशीर भुर्दंडही मोठा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये मर्यादेपेक्षा जास्त वजनासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. कारखान्याच्या रांगेत भरलेली ट्रॉली दोन दिवस उभी राहिली म्हणून पाटे खराब होतात, असं अनेकांना वाटतं. भार मर्यादेत असेल तर नुसतं उभं राहून पाट्याचं फारसं नुकसान होत नाही. नुकसान करतात ते रस्त्यावरचे हिसके. भरल्या ट्रॉलीचा वेग खराब रस्त्यावर कमी ठेवला तर तेवढ्यानेही पाट्याचं आयुष्य वाढतं.

गंज : महापूर आणि पावसाळी पट्ट्यात दुप्पट काळजी

चीर नेहमी पृष्ठभागावरून सुरू होते. गंजाने पोलादावर बारीक खड्डे पडतात आणि प्रत्येक खड्डा हा चिरेची सुरुवात असू शकतो. वरून तांबूस दिसणाऱ्या पाट्यावर असे शेकडो खड्डे असतात.

गंजाने जाडी कमी होते, तो तोटा वेगळा. ८ मिलिमीटर जाडीचा पाटा झिजून ७ मिलिमीटर झाला, तर दिसायला फरक किरकोळ वाटतो. पण त्याचा ताठपणा साधारण एक तृतीयांश कमी होतो आणि तेवढ्याच बोज्याला त्याच्यावर येणारा ताण सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. वेढ्यांच्या स्प्रिंगची तार १० मिलिमीटरवरून ९ वर आली तर ताण सुमारे ३७ टक्क्यांनी वाढतो. आता वरचा नियम आठवा. १० टक्के ताणानेच आयुष्य निम्मं होऊ शकतं, तर ३७ टक्क्यांनी काय होईल?

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीसारख्या जास्त पावसाच्या तालुक्यांत उघड्यावर उभ्या असलेल्या औजारांना हा त्रास जास्त. शिरोळ आणि करवीरच्या नदीकाठच्या गावांत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात अनेक गाड्या आणि औजारं पाण्याखाली होती. पाण्यात राहिलेल्या पाट्यांच्या दोन थरांमध्ये गाळ अडकतो आणि तो महिनोन् महिने ओल धरून ठेवतो. असा पाटा बाहेरून धुतला म्हणून सुटत नाही. संच उघडून, गाळ काढून, वाळवून मगच जोडावा लागतो.

रासायनिक खताची वाहतूक केल्यावरही ट्रॉली धुणं गरजेचं आहे. सांडलेलं खत हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंड झपाट्याने गंजवतं.

गंज काढायला ॲसिड वापरू नये. ॲसिडच्या क्रियेत हायड्रोजन वायू तयार होतो आणि तो कडक पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. अशी स्प्रिंग चकचकीत दिसते, पण बोज्याखाली काचेसारखी तुटू शकते. तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर वापरावा आणि वर रंग द्यावा.

वेल्डिंग मारलं की पाटा संपला

पाट्याचं पोलाद खिडकीच्या गजासारखं साधं नसतं. त्यात कार्बन जास्त असतो, सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असतं. कारखान्यात ते साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा साधारण ४०० ते ५०० अंशांवर तापवतात. याला पाणी देणं म्हणतात. पहिल्या टप्प्यात कडकपणा येतो, दुसऱ्या टप्प्यात ठिसूळपणा जाऊन लवचिकता येते. स्प्रिंगचा सगळा जीव या प्रक्रियेत आहे.

वेल्डिंगच्या उष्णतेने ती प्रक्रिया तेवढ्या भागात मोडते. जोडाला लागून असलेला भाग काचेसारखा ठिसूळ होतो आणि त्याच्या पलीकडचा भाग मऊ पडतो. म्हणून वेल्डिंग केलेला पाटा जोडावर तुटत नाही, बऱ्याचदा जोडाच्या शेजारी तुटतो. ‘वेल्डिंग पक्कं होतं, पाटाच खराब निघाला’ असं मग म्हटलं जातं. पाट्यावर दुसऱ्या कामाच्या वेल्डिंगचा एक ठिपका पडला तरी तिथून चीर सुरू होऊ शकते. ट्रॉलीच्या चेसिसला वेल्डिंग करताना पाट्यांवर ओलं पोतं टाकावं, आणि अर्थिंगची क्लिप पाट्याला कधीच लावू नये.

बसलेला पाटा भट्टीत लाल करून ठोकून पुन्हा वाक देण्याची पद्धतही आहे. वाक येतो, ट्रॉली उंच दिसते. पण नंतर दोन्ही टप्प्यांचं पाणी नीट दिलं नाही तर तो पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो किंवा तुटतो. तापमान मोजण्याची आणि तेलात विझवण्याची सोय नसलेल्या ठिकाणी हे काम करून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

यू-बोल्ट ढिला, तर पाटा मधोमध तुटणार

पाट्यांचा संच आसाला यू-बोल्टने आवळलेला असतो आणि पाट्यांच्या मधोमध सेंटर बोल्टचं भोक असतं. भोक पडलेली जागा कमकुवत असते. यू-बोल्ट घट्ट असतील तर मधला भाग वाकतच नाही, त्यामुळे भोकावर ताण येत नाही. यू-बोल्ट ढिले झाले की तोच भाग वाकू लागतो आणि चीर थेट भोकापासून सुटते. सेंटर बोल्ट तुटला तर आस जागेवरून सरकू शकतो आणि ट्रॉली तिरकी ओढली जाते.

नवीन पाटे बसवल्यावर पहिल्या भरल्या खेपेनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. अनेक ठिकाणी हे राहून जातं. नव्या पाट्यांना जुनेच, आटे झिजलेले यू-बोल्ट लावणंही टाळावं.

ग्रीसचं महत्त्वही तेवढंच. पाटे वाकताना एकमेकांवर घासतात. मधे ग्रीस नसेल तर वरच्या पाट्याला खालच्याच्या टोकाने खाच पडते आणि पुढे तिथंच तो तुटतो. शॅकलची पिन कोरडी पडली तर पाट्याला मोकळं सरकता येत नाही. जळकं ऑईल ओतण्याची सवय मात्र अर्धीच उपयोगी आहे. त्याने गंज कमी होतो, पण धूळ चिकटते आणि रबराचे बुश फुगून खराब होतात. पाट्यांमध्ये रबर किंवा प्लास्टिकचे पॅड असतील तर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तेवढंच करावं.

कल्टिव्हेटरची स्प्रिंग किती आवळायची?

स्प्रिंगच्या कल्टिव्हेटरमध्ये फण दगडाला किंवा मुळीला अडला की मागे जातो आणि अडथळा ओलांडून पुन्हा जागेवर येतो. त्यासाठी स्प्रिंगला हलायला जागा लागते. माती कठीण आहे म्हणून नट शेवटपर्यंत आवळला, तर स्प्रिंगची हालचाल आधीच संपते. मग धक्का थेट फणावर, बोल्टवर आणि फ्रेमवर जातो. उलट ढिली सोडली तर फण सारखा मागे पडतो, खोली मिळत नाही आणि स्प्रिंग विनाकारण हजारो वेळा जास्त हलते.

सगळ्या फणांचा ताण सारखा ठेवावा. एक स्प्रिंग बदलली तर तिची लांबी आणि तारेची जाडी बाकीच्यांशी जुळवून घ्यावी. हंगाम संपल्यावर औजार धुऊन, वाळवून, ग्रीस किंवा तेलाचा हात फिरवून छपराखाली ठेवलं तर पुढच्या हंगामातला खर्च वाचतो.

मोटारसायकलवर दोन कॅन दूध नेताय?

बऱ्याच गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खाली खाचांची रिंग असते. ओझं नेताना ती वरच्या खाचेवर घ्यायची, एकट्याने जाताना खाली आणायची. पण या रिंगने गाडी फक्त थोडी उंच राहते. स्प्रिंगची ताकद वाढत नाही.

शॉकअपमध्ये स्प्रिंगसोबत तेलाचा पिस्टन असतो. स्प्रिंग धक्का घेते, तेल तिचं उसळणं थांबवतं. तेल गळालं की गाडी खड्ड्यानंतर दोन-तीन वेळा डुलत राहते. एका खड्ड्याला एक हिसका बसायचा तिथं तीन बसतात आणि स्प्रिंगचं आयुष्य तेवढंच लवकर संपतं. भरल्या गाडीचं चाक ओल्या रस्त्यावर पकड सोडतं, तो धोका वेगळा.

‘कडक पोलाद’ म्हणजे ताठ स्प्रिंग नव्हे

दुकानात ‘हे मटेरियल हार्ड आहे, दबणार नाही’ असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात स्प्रिंग किती दबेल हे तिच्या मापांवर ठरतं, म्हणजे तारेची किंवा पाट्याची जाडी, लांबी, वेढ्यांची संख्या यावर. चांगल्या पोलादाची स्प्रिंगही तेवढीच दबते, पण जास्त ताण सहन करते आणि जास्त दिवस टिकते. वय झालं म्हणून पोलाद आपोआप मऊ होत नाही. स्प्रिंग ‘मऊ’ वाटते तेव्हा ती बसलेली असते, गंजून बारीक झालेली असते किंवा तापलेली असते.

तुटलेला पाटा फेकण्याआधी त्याचं तोंड बघा

तुटलेल्या जागी दोन भाग वेगळे दिसत असतील, तर पाट्याची सगळी कहाणी तिथं लिहिलेली असते.

– एक भाग काळपट, गुळगुळीत किंवा गंजलेला, शिंपल्यासारख्या रेषांचा आणि दुसरा ताजा, दाणेदार, चमकणारा असेल : चीर जुनी होती, शेवटचा धक्का फक्त निमित्त.
– सगळं तोंड ताजं आणि दाणेदार असेल : एकाच जबर धक्क्याने किंवा ठिसूळपणामुळे तुटला.
– सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तुटला असेल : यू-बोल्ट ढिले असण्याची शक्यता जास्त.
– टोकाकडे, खाच पडलेल्या जागी तुटला असेल : कोरडी घासण, ग्रीस नाही.
– वेल्डिंगच्या शेजारी तुटला असेल : कारण वेगळं शोधायला नको.

कारण न शोधता नुसता पाटा बदलला तर नवीन पाटाही त्याच जागी तुटेल.

खेपेला निघण्यापूर्वी पाच मिनिटं

१. सपाट जागेवर रिकामी ट्रॉली मागून बघा. दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे का? एक बाजू खाली असेल तर भरल्यावर ती आणखी झुकेल.
२. प्रत्येक पाट्याच्या कडेवरून फडकं फिरवा. धागा अडकला किंवा गंजाची आडवी रेघ दिसली, तर ती चीर असू शकते.
३. यू-बोल्टचे नट पान्याने तपासा. नटाजवळ चकाकणारी घासलेली खूण दिसली तर बोल्ट हलतोय.
४. मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांची गोल कडी, शॅकल आणि बुश बघा. कडं तुटलं तर आस जागेवरून सुटतो.
५. एका बाजूचा पाटा बदलायचा असेल तर दुसऱ्या बाजूची उंचीही जुळवून घ्या. फरक राहत असेल तर दोन्ही बाजू एकदम करा.

मुख्य पाट्याला चीर दिसली तर ‘एवढी खेप टाकून येतो’ म्हणू नका. ऊस दुसऱ्या ट्रॉलीत भरता येतो.